टेबलावरचा समुद्र

मार्च उजाडला की आमच्या गल्लीचा आवाज आपोआप खाली येतो. लग्नाचे भोंगे थांबतात, पोरं क्रिकेटची बॅट कोनाड्यात ठेवतात, आणि आया एकमेकींशी कुंपणावरून बोलतानाही कुजबुजतात. शेजारची मुलगी गच्चीवर येरझारा घालत राज्यशास्त्र पाठ करते. हिंदीतली ती लांबलचक वाक्यं वाऱ्याबरोबर तुटत तुटत माझ्या अंगणात येतात: संविधान, संप्रभुता, अधिकार आणि कर्तव्य. दूरवरून मोहाच्या फुलांचा तो गोड, जड वास येतो. ज्याला तो आवडत नाही त्याचं डोकं चढतं आणि ज्याला आवडतो त्याचंही चढतं.

लोकांना या दिवसांत आपलं बालपण आठवतं म्हणे. मला राग आठवतो. गेली कित्येक वर्षं परीक्षेचे दिवस आले की मी घरात उगाच वस्तू आपटते आणि भाजीत मीठ जास्त पडलं की आधी मिठाच्या बरणीकडे रागानं बघते. कारण सांगता येत नाही असं नाही. चांगलं सांगता येतं.

तेव्हा ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. मी खैरलांजीकडच्या एका धानाच्या गावातून लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आले होते. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी मुलाकडच्यांपुढे एकच गोष्ट मांडली होती: पोरीचं बी. ए. पूर्ण करू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी सासरे आजारी पडले आणि गेले. ते वर्ष दवाखान्यात आणि मग सुतकात संपलं. दुसऱ्या वर्षी नणंदेचं लग्न निघालं. शेवटच्या वर्षाचा फॉर्म प्रायव्हेट विद्यार्थिनी म्हणून मी भरला तो तिसऱ्या उन्हाळ्यासाठी, आणि तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं होतं, "यंदा दे बाई काय द्यायचं ते. पुढच्या साली मी काही ऐकून घेणार नाही." मुलींच्या शाळेत शिक्षिकेच्या जागा निघणार होत्या. बी. ए. झालेली हवी होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझ्याजवळ माझं असं एक टेबल होतं. आमच्या बांधावरचं सागाचं झाड पडलं तेव्हा वडिलांनी गावच्या सुताराकडून ते माझ्यासाठी करून घेतलं होतं. चार जाड पाय, मध्ये एक खण, वरची फळी अशी की पावसाळ्यातही फुगायची नाही. लग्नात भांडीकुंडी, पलंग असं सगळ्यांकडे येतं तसं आमच्याकडेही आलं; पण बैलगाडीवर ते टेबल बघून सासरच्या बायका हसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मी ते ठेवलं. पहाटे उजाडता उजाडता तिथे बसलं की समोर पेरूचं झाड, डाव्या हाताला उजेड आणि घरात अजून कुणी हाक मारत नाही. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता.

आमचे हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलचा जमाना. कानाला यंत्र लावून दिवसभर ते जोडून द्यायचे: नागपूर, जबलपूर, मुंबई, मद्रास, विशाखापट्टणम. एकदा मला म्हणाले, "विशाखापट्टणमचा माणूस बोलून राह्यला होता, अन् त्याच्या मागं सारखा असा आवाज. मी विचारलं, भाईसाब, लाइन में गड़बड़ है क्या? तो म्हणे, नहीं, समुंदर है." ते सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. सगळी शहरं त्यांच्या कानात होती आणि डोळ्यांसमोर रोज तोच बसस्टँडचा रस्ता.

तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत एक इंजिनिअर होते. विशाखापट्टणमचेच. घरी बोलायला ते नेहमी ट्रंक कॉल लावायचे, त्यामुळे यांची आणि त्यांची फोनवरची ओळख. त्या इंजिनिअरनी बंगल्यात खाऱ्या पाण्याच्या माशांची पेटी ठेवली होती. थंडीत त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी फोनवर यांना विचारलं, पेटी रिकामी आहे, सामान आहे, नेता का? यांनी मला विचारलं नाही. सासूबाईंनाही नाही. एका रविवारी सकाळी तिरोडीला गेले आणि संध्याकाळी बसच्या टपावरून, गोधडीत गुंडाळलेली, ती पेटी घेऊन आले.

लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात पुट्टीनं बसवलेल्या काचा. खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजू नये म्हणून चौकटीला आतून डांबर फासलेलं होतं आणि ते जागोजाग सुटलं होतं. बरोबर हवा मारायचा एक छोटा विजेचा पंप, प्लास्टिकच्या नळ्या, तळाशी घालायची जाळी, पोतंभर पांढरे प्रवाळाचे तुकडे, आणि कापसात गुंडाळलेली एक काचेची नळी. ही नळी पाण्यात सोडली की उभी तरंगते आणि पाण्यात मीठ किती आहे ते तिच्या आतल्या कागदी पट्टीवर वाचायचं. ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे, विलायती आहे, असं यांनी आम्हाला दोघींना बजावून सांगितलं.

"वसंता," सासूबाई म्हणाल्या, "मासोळी पाह्यची असंन तर वैनगंगेवर जाय. खायची असंन तर बाजारात जाय. घरात काहून आणून राह्यला?"

"माय, ही समुद्रातली मासोळी राहीन. रंगीत."

"रंगीत असो का काळी. काटे तेवढेच."

पेटी ठेवायची कुठे? स्टुलावर मावेना. सासूबाईंच्या लाकडी पेटीवर ठेवली तर ती पेटी कुरकुरली. मला उत्तर कळलं होतं. यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्या टेबलावर येऊन थांबली.

"पाण्यानं भरल्यावर खूप वजन होते, सुमन. घरात दुसरं काहीच नाही एवढं मजबूत."

"माझी परीक्षा आहे."

"परीक्षेले अजून टाइम आहे. तोवर मी अँगलचा स्टँड बनवून घेतो. वेल्डिंगवाल्याले बोललो आहे."

त्या वेल्डिंगवाल्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही.

माझी पुस्तकं खणातून निघून खाटेखाली गेली. मी जमिनीवर, पाट समोर मांडून, त्यावर वही ठेवून बसू लागले. समोर माझ्याच टेबलाचे पाय. मान वर केली की टेबलाची खालची बाजू दिसायची. इतक्या वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. सुतारानं तिथे रंधा मारला नव्हता.

पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा दोन कोपऱ्यांतून ते गळायला लागलं. पुट्टी खरवडून नवी भरली. ती वाळेपर्यंत घरभर जवसाच्या तेलाचा वास. पुन्हा भरलं, पुन्हा एका कोपऱ्यातून थेंब थेंब. त्याखाली वाटी ठेवली. 'मुगल प्रशासन' पाठ करताना माझ्या कानात तो थेंब पडायचा आणि सुभेदारांची नावं पुसली जायची. पंपाचं रबर फाटलेलं निघालं. यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आणि तो चालला खरा, पण त्याची घरघर अशी की म्हातारं माणूस तोंड उघडं टाकून झोपलंय. खाण्याच्या वेळी, अभ्यासाच्या वेळी, पाहुण्यांसमोर, सारखं तेच.

मग खारं पाणी. यांचा चुलतभाऊ दिनू मुंबईला गोदीत नोकरीला होता. त्याला सांगून ठेवलं होतं. संक्रांतीला तो प्लास्टिकच्या मोठ्या डब्यांमधून समुद्राचं पाणी घेऊन आला. मुंबईहून गोंदियापर्यंत मोठी गाडी आणि तिथून बालाघाटपर्यंत आमची छोटी लाइन. त्या छोट्या गाडीत एका शिपायाला डब्यांचा संशय आला. दिनूनं नंतर तो प्रसंग इतक्यांदा करून दाखवला की मला तो पाठ झाला. शिपाई म्हणाला, खोल. दिनूनं झाकण काढलं. शिपायानं बोट बुडवून चाखलं, थुंकला आणि म्हणाला, "ये तो नमक का पानी है!" दिनू म्हणाला, "समुंदर का है, साब." शिपाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि शेवटी त्यानं विचारलं, "बालाघाट में नमक नहीं मिलता क्या?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या मोसमात मी यांच्याबरोबर मनापासून हसले ते तेवढंच.

कारण डब्यांतल्या एकात पूर्वी गोडं तेल होतं आणि ते नीट धुतलं गेलं नव्हतं. पेटीत पाण्यावर तेलाचा रंगीत पापुद्रा आला. अर्धं पाणी उपसून फेकलं. राहिलेल्या खऱ्या समुद्रात किराण्यातलं खडे मीठ घालून बाकीचा समुद्र करायचं ठरलं. हे इतकं मीठ घेऊन आले की दुकानदारानं विचारलं, कैरीला तर अजून अवकाश आहे, लोणचं आत्ताच घालता का? ती विलायती नळी पाण्यात सोडून, वाकून, एक डोळा मिटून हे वाचायचे आणि मूठ मूठ मीठ टाकायचे. मी जमिनीवरून बघत असायचे. माझ्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातलं एखादं पान त्यांनी कधी इतकं वाकून पाहिलं असतं तर, असं मनात यायचं.

आणि मग काय? मग काहीच नाही. इंजिनिअर साहेबांनी फोनवर सांगितलं होतं की लगेच मासे टाकायचे नसतात, पाणी मुरू द्यायचं. म्हणजे मुरलेल्या लोणच्यासारखं आमचं पाणी माझ्या टेबलावर आठवड्यांमागून आठवडे बसून राहिलं. आधी ते दुधासारखं पांढुरकं झालं, मग काचांवर तपकिरी बुरा चढला. शेजारपाजारचे यायचे, काचेला नाक लावायचे आणि विचारायचे, "मछली कहाँ है?" हे म्हणायचे, "आने वाली है." तीन माणसांच्या घरात, बाहेरच्या खोलीची सगळ्यात चांगली जागा अडवून, एक पेटी भरून नुसतं पाणी घरघरत होतं आणि मी जमिनीवर बसून दुसऱ्या महायुद्धाची कारणं लिहीत होते.

बुडबुडे फुटताना त्यांचे बारीक तुषार उडायचे. ते वाळले की सगळ्या वस्तूंवर मिठाची पांढरी साय. खिडकीचे गज गंजले. माझ्या वहीची पानं लाटांसारखी झाली. शाई फुटून अक्षरांना मिशा फुटल्या. एकदा मी बोलले.

"अहो, माझी वही पाहा."

त्यांनी पाहिली. खरंच पाहिली. मग म्हणाले, "पेटीवर झाकण पाह्यजे. काचवाल्याले सांगतो."

होळीला दिनू मासे घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी, पाण्यावर फुगवलेली हवा, आणि आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, आणि एक निळा, इतका निळा की तसा रंग मी त्याआधी फक्त शाईच्या दौतीत पाहिला होता. पेटीत सोडल्यावर ते क्षणभर गोंधळले आणि मग नारिंगी जोडी प्रवाळाच्या तुकड्यांमधून आत-बाहेर करू लागली. खरं सांगायचं तर मीही हातातलं पुस्तक मिटलं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हे तर नवरदेवाच्या फेट्यासारखे दिसून राह्यले." त्या दिवशी आमच्या घरी गल्ली लोटली. सगळ्यांना पाणी, सगळ्यांना चहा. माझ्या पहिल्या पेपरला फार दिवस उरले नव्हते.

निळा मासा लवकरच मेला. सकाळी तो तळाशी आडवा होता आणि रंग उडून राखेसारखा झाला होता. मग नारिंगी जोडीतला एक कोपऱ्यात उभा राहून नुसता कल्ले हलवू लागला. यांना काही कळेना. उन्हाळा चढत होता, पेटीतलं पाणी रोज बोटभर कमी व्हायचं. हे नळी सोडायचे, वाचायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी झालं." मग मिठाचं पाणी कालवून भर घालायचे. मासे आणखी मलूल. पुन्हा नळी, पुन्हा "कमी झालं." माणूस सुकत चालला होता. ड्युटीवरून येऊन चपला न काढता पेटीसमोर उभा राहायचा. माझ्याशी बोलायचा तोही पेटीकडे बघून.

एका दुपारी मी पाटाशी बसले असताना पंपाच्या घरघरीनं ती नळी कडेवरून घरंगळली आणि माझ्या मांडीवर पडली. फुटली नाही. तिच्यावर मिठाचा थर होता, म्हणून मी ती धुवायला बादलीत सोडली. नळाचं साधं पाणी. साध्या पाण्यात नळी अगदी वरच्या रेघेवर उभी राहते असं यांनीच मला सांगितलं होतं. पण वरची रेघ पाण्याच्या खाली बोटभर बुडाली होती. मी नळी काढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. उजेडात धरून पाहिली तेव्हा दिसलं: आतला कागद ज्या डिंकानं चिकटवला होता तो सुटला होता आणि पट्टी खाली घसरली होती. ती नळी साध्या पाण्याला पाण्याहूनही हलकं म्हणत होती. म्हणजे पेटीत मीठ भरपूर असताना ती कमी आहे म्हणून सांगत होती, आणि हे भर घालत होते.

ते आल्यावर मी बादलीत दाखवलं.

"नळी खोटी आहे. पाणी खारटाण झालंय. उडतं ते पाणी, मीठ कुठं उडतं?"

"साहेबाची वस्तू आहे ती. विलायती."

"असेल. पण कागद घसरलाय."

"तू आपला अभ्यास कर नं, सुमन. हे सायन्स आहे."

मी आपला अभ्यास केला. त्या शब्दांनी माझी कानशिलं गरम झाली होती, पण मी वही उघडली आणि अभ्यासच केला. दोन दिवसांनी, मी स्वयंपाकघरात असताना, हे बादली भरून नळी घेऊन बसलेले मला दिसले. त्यानंतर पेटीत साधं पाणी पडू लागलं, थोडं थोडं, आणि कोपऱ्यात उभा राहणारा मासा पुन्हा फिरू लागला. "तुझं बरोबर होतं" एवढं वाक्य म्हणायला माणसाला काय लागतं, हे मला कळत नाही. ट्रंक कॉलपेक्षा तर ते सोपं असावं.

पेपर सुरू झाले. पहिले दोन बरे गेले. तिसरा राज्यशास्त्राचा, माझा सगळ्यात कच्चा विषय. पेपर दुपारचा. त्या दिवशी सकाळीच वीज गेली. पंप गप्प. इतक्या महिन्यांनी घर शांत झालं आणि ती शांतता ऐकून हे ताडकन उठले. ऊन असं की खिडकीचे गज हाताला चटका देत होते. दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेऊ लागले. यांनी सायकलचा हातपंप आणला, त्याला नळी जोडली आणि हवा मारू लागले. बुडबुडे आले, मासे खाली गेले. थांबलं की पुन्हा वर.

ड्युटीची वेळ झाली. त्यांनी पंप माझ्यापुढे धरला.

"वीज येईपर्यंत मारत राह्य. हळूहळू. थांबू नको."

मी वेणी घालत होते. इस्त्रीची साडी नेसले होते. खाटेवर माझं पेन, प्रवेशपत्र आणि पाण्याची बाटली मांडून ठेवली होती. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"काय झालं?" ते म्हणाले.

त्यांना आठवतच नव्हतं. रागानं, हट्टानं म्हणाले असते की पेपर राहू दे, तर मी भांडले असते. पण तो माणूस अगदी निष्पापपणे, पंप पुढे करून, काय झालं म्हणून विचारत होता. मी पंप घेतला, जमिनीवर ठेवला, पेन आणि प्रवेशपत्र उचललं आणि बाहेर पडले. मागून त्यांची हाक आली. मी वळले नाही.

केंद्रापर्यंतचा रस्ता मी कसा चालले ते आठवत नाही. पायांखाली डांबर मऊ झालं होतं. पेपर हातात आला. नागरिकाच्या मूलभूत अधिकारांवर प्रश्न होता. मराठीत विचार करून हिंदीत लिहायचं म्हणजे माझं नेहमी अडखळायचं. त्या दिवशी एकदाही अडखळलं नाही. पुरवण्या मागत गेले. शेजारची बाई माझ्याकडे वळून वळून पाहत होती. कच्चा म्हणून ज्या विषयाची मी वर्षभर धास्ती घेतली, त्यात मला पुढे सगळ्यात जास्त गुण पडले.

घरी आले तेव्हा वीज आलेली नव्हती. दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकले. सासूबाई पेटीसमोर जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळावरून घामाच्या धारा, दोन्ही पायांत सायकलचा पंप धरलेला आणि दोन्ही हातांनी वर-खाली, वर-खाली. दांडा वर येताना त्यांच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज निघत होता. ताट झाकलेलं तसंच होतं. त्या जेवल्याही नव्हत्या. पेटीत दोन्ही मासे फिरत होते.

मी धावत जाऊन पंप घेतला. त्यांचे तळवे लाल झाले होते, एका ठिकाणी फोड आला होता.

"आई, कशाला? मासोळ्यांसाठी एवढं?"

"मासोळ्या गेल्या चुलीत," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मेल्या असत्या तर त्यानं काय म्हटलं असतं? सुमन पेपरले गेली म्हून मेल्या. जलमभर तेच ऐकलं असतं तू. म्हून मारली हवा."

मग पाणी मागितलं, गटागटा प्यायल्या आणि विचारलं, "झाला काय तुह्या पेपर बराबर?"

मी नुसती मान हलवली. माझ्या अभ्यासाला ज्या बाई 'बसून राहणं' म्हणायच्या, वहीवर वाकलेली दिसले की मुद्दाम तांदूळ निवडायला हाक मारायच्या, त्यांच्या शेजारी बसून मी हवा मारत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

संध्याकाळी हे घरात शिरले ते थेट पेटीकडे. "जिवंत आहेत!" म्हणाले.

"हौ," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अन् आज तिचा पेपर होता."

ते उभेच राहिले. हातातली पिशवी खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाकरी थापत होते. मी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुटी घेऊन त्यांनी पेटी टेबलावरून उतरवायला काढली. पाणी बादल्यांत, मासे प्लास्टिकच्या टबात. पेटी निम्मी रिकामी झाल्यावर त्यांनी आणि शेजाऱ्यानं ती उचलली, आणि चौकटीचा एक गंजलेला कोपरा उघडला. काच खळकन सुटली. राहिलेला समुद्र खोलीभर पसरला, उंबऱ्यावरून अंगणात गेला आणि पेरूच्या बुंध्याशी जिरला. त्या धांदलीत एक मासा दगावला. उरलेला एक टबात राहिला. हे रोज त्याचं पाणी बदलायचे, ओल्या फडक्यानं टब झाकायचे. मेच्या मध्यात एका दुपारी तोही तरंगताना दिसला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं. माशाचं तर वाटलंच, पण त्या माणसाचंही वाटलं, जो एवढं करूनही समुद्रापर्यंत पोचला नव्हता. वाईट वाटलं म्हणून राग गेला असं मात्र झालं नाही. दोन्ही एकाच छातीत मावतात.

उरलेल्या पेपरांचा अभ्यास मी टेबलाशी बसून केला. फळी खरखरीत झाली होती, कोपर टेकलं की मीठ लागायचं.

निकाल जूनमध्ये लागला. तो जबलपूरच्या वर्तमानपत्रात छापून यायचा आणि बालाघाटला ते वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोचायचं. दुपारी मी आणि सासूबाई ओसरीवर कैऱ्या चिरत बसलो होतो. सायकल फाटकाला आपटली आणि हे तिथूनच ओरडले, "सेकंड डिव्हिजन!"

"म्हणजे पास का नापास?" सासूबाईंनी मला विचारलं.

"पास, माय, पास!" ते धापा टाकत आले. त्यांनी एक्स्चेंजमधून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत लाइन जोडली होती. तिथल्या माणसाला आकडे वाचायला लावले, ऐकू आलं तरी पुन्हा वाचायला लावले, आणि ड्युटी कुणाच्या तरी गळ्यात टाकून निघून आले.

"माझा रोल नंबर तुम्हाला पाठ होता?"

"हौ! पाठ म्हणजे काय. झोपेतून उठवलं तरी सांगीन."

"आणि पेपरचा दिवस?"

सायकलचं हँडल त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी उगाच इकडून तिकडे वळवलं. कैरीवरची सासूबाईंची सुरी थांबली.

"ते चुकलंच माह्यं," ते म्हणाले.

मी इतके महिने ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते हे होतं. मला वाटलं होतं की ते ऐकल्यावर काहीतरी निवळेल, मी रडेन किंवा उठून पाया पडेन. तसं काही झालं नाही. आनंद झाला होता, खूप झाला होता. आणि राग होता तिथेच होता.

"बरं," सायकल भिंतीला टेकवून ते म्हणाले, "चहा मिळेल काय थोडा?"

"मिळेल," मी म्हणाले. "आज तुम्ही करा. तिघांचा."

ते माझ्याकडे आणि मग आईकडे पाहू लागले. चिरलेल्या कैऱ्यांची परात सासूबाईंनी बाजूला सारली, थोड्या सरकल्या आणि माझ्यासाठी भिंतीला टेकायला जागा केली. मी टेकले. हे आत गेले. भांडी खडखडली, एक झाकण पडलं, फडताळाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला.

"काडीपेटी कुठं राह्यते?" आतून हाक आली.

आम्ही दोघींनीही उत्तर दिलं नाही.